किसनबुवाच्या मंत्रांचा निकाल

नरेशदादा,

आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहायचा अधिकार माझा नाही, हे मला माहीत आहे. तुला लहानपणापासून ओळखणारी माणसं सिंदी मेघेच्या तुमच्या घरात आहेत. मी आपला रविवारी दुपारी येणारा, तोही सगळ्या रविवारी नाही. वैशालीताईला मी तसं म्हटलं. ती तुझ्या काकांची मुलगी, तोंडानं तुझ्यापेक्षा तिखट. म्हणाली, "आमच्यातल्या कोणी लिहिलं तं जन्म, शिक्षण, दुकान, आजार, एवढंच येईन. तू खेळाचं लिही. ते आमच्यानं होत नाई."

म्हणून लिहितो आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज आणि उत्तरपत्रिका सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यामुळे कुठे उत्तर लिहिल्यासारखं झालं तर समजून घे.

आणखी एका गोष्टीची भीती वाटते. मेलेल्या माणसाशी बोलायचा मंत्र आपल्या खेळाच्या यादीत कुठे ठेवायचा, यावर एकदा केवढं भांडण झालं होतं, आठवतं? तू तो 'बुऱ्या' मंत्रांत टाकला होतास. सुनीलनं तो तिथून काढायला लावला. आज मी तोच मंत्र म्हणतो आहे, तेव्हा त्याचं पथ्य पाळून म्हणतो. ते पथ्य काय, हे पुढे येईलच.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी वर्ध्याला नालवाडीत खोली घेऊन राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्याच तुमच्या किराणा दुकानात डाळ-मीठ घ्यायला यायचो आणि सामान मिळेपर्यंत गप्प उभा राहायचो. तू पुण्याचं इंजिनियरिंग अर्धं सोडून वडिलांच्या आजारपणात परत आला होतास, हे अख्ख्या नालवाडीला माहीत होतं आणि त्यावर कोणी ना कोणी तुला टोचून बोलायचंच. मी कधी काही बोललो नाही, म्हणूनच बहुतेक तू मला निवडलंस.

"काय शिकून राह्यला?"

"बी.एस्सी."

"गोष्टी आवडते का तुले?"

मला वाटलं तू पुस्तकं विकतोस. मी म्हटलं, "तुमच्याकडे कोणती आहेत?" तू हसलास. "माझ्याकडं अर्धी आहे. बाकीची अर्धी तू सांगशीन. रविवारी गोदामात येजो. अन् मले तुम्ही-तुम्ही करशीन तं खेळात घेत नाई."

सरकीच्या ढेपेचा वास भरलेलं ते गोदाम. पोत्यांवर सतरंजी टाकलेली. तिथे वैशालीताई होती आणि सुनील मडावी होता, जो आर्वीकडच्या एका गावातून शिकायला आला होता आणि घरी फोन लागला की गोंडीत बोलायचा. मधे तुझ्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा. पुण्याच्या होस्टेलात कुणीतरी परदेशातून आणलेलं पुस्तक तू सगळंच्या सगळं झेरॉक्स करून आणलं होतंस. त्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर नदी आहे, पूल तुटला आहे, तू काय करतोस?" असं सांगणारा विचारतो, आणि आपण सांगायचं. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा लागायचा. तो वर्ध्यात कुठून मिळणार? वैशालीताईनं वीस चिंचोक्यांवर नेलपॉलिशनं आकडे काढले आणि ते पितळेच्या एका डब्यात टाकले. काही अवघड करायचं असलं की हात घालून एक चिंचोका काढायचा. मोठा आकडा आला तर जमलं. लहान आला तर तू म्हणायचास, "मंत्र खाली गेला."

माझे फार खाली जायचे.

पहिल्या दिवशी तू मला पुजारी केलंस. जखमा बऱ्या करणारा, विष उतरवणारा. नाव विचारलंस. मला तेव्हा लोकांसमोर काही बनवून सांगायची इतकी लाज वाटायची की खोटं नावसुद्धा सुचेना. मी माझ्या बाबांचं नाव सांगितलं. किसन.

"किसन?" वैशालीताई म्हणाली. "हा मंत्र मारणार आहे का दवंडी देणार आहे?"

सगळे हसले, मीही हसलो. तू मात्र कागदावर 'किसनबुवा' लिहिलंस आणि विचारलंस, "वळण कोणतं?"

हे 'वळण' म्हणजे त्या खेळातला सगळ्यात वादाचा भाग. प्रत्येक माणसाबद्दल दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागत. तो भला, बुरा की मधला. आणि तो नेमानं चालणारा की मनाला येईल तसं करणारा. या दोन्हीला मिळून तू वळण म्हणायचास. किसनबुवा भला आणि नेमाचा, असं मी सांगितलं. मग तू नियम वाचून दाखवलास. मंत्रांनाही भलं-बुरं असतं. भल्या पुजाऱ्यानं बुरा मंत्र म्हटला, किंवा आपला मंत्र बुऱ्या माणसाच्या कामी लावला, तर देव रुसतो आणि दिलेले सगळे मंत्र काढून घेतो. त्यानंतर तो पुजारी म्हणजे नुसता घंटा वाजवणारा माणूस.

सुनीलला हा नियम पहिल्या दिवसापासून पटला नाही. "मंत्राले काय मालूम कोण भला अन् कोण बुरा? सुरी भाजी कापते, गळाबी कापते. सुरीचं वळण कोणतं?"

"सुरी देवानं नाई देली," तू म्हणालास. "मंत्र देवानं देला. ज्यानं देला तो विचारीन."

मेलेल्यांचा वाद याच सुमारास झाला. पुस्तकात मेलेल्यांना उठवून कामाला लावणं बुऱ्यात होतं. तू घाईत त्यांच्याशी बोलणंही त्याच यादीत टाकलंस. सुनील पोत्यावरून उठून उभाच राहिला. "आमच्या घरी सणाले वाडवडिलांना बोलावते. पहिला घास त्यायचा. माझी आजी तं चुलीपाशी बसून त्यायच्याशी बोलते. माझी आजी बुरी आहे का बे?"

तू इतका वेळ विचार केलास की वैशालीताईनं तेवढ्यात चहा आणला. मग तू पेन उघडून दुरुस्ती केलीस आणि मोठ्यानं वाचलीस, "बोलवायचं चालते. राबवायचं नाई." सुनील म्हणाला, "आता बसतो," आणि बसला.

तुझी ही गोष्ट मला तेव्हाच आवडली होती, पण सांगायचं राहिलं. पुस्तक तू देवासारखं जपायचास, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तरी समोरच्या माणसाचं खरं वाटलं तर त्याच पुस्तकावर काट मारायचास.

त्याच दिवशी मला धीर आला. सुनील आपल्या आजीबद्दल बोलू शकतो, तर मी का नाही?

कॉलेजात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आमचे बाबा गावी, अल्लीपूरला, विंचू उतरवतात. रसायनशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या घरी हे चालतं, हे कळलं तर लोक काय म्हणतील याची धास्ती होती. मी जरा अडखळतच सांगितलं की दादा, तुझ्या पुस्तकातल्यासारखा नियम आमच्या घरी आहे, पण उलटा आहे.

तू पेन खाली ठेवलंस. "उलटा म्हणजे?"

म्हणजे असं, की बाबांच्या मंत्राला पथ्य आहे. कोणी बोलवायला आलं तर ताटावरून उठून जायचं. काही घ्यायचं नाही. त्या घरचा चहा नाही, पाणीसुद्धा नाही. आणि कोण आहे हे विचारायचं नाही. ज्याला चावला तो चांगला की वाईट, आपला की परका, हा प्रश्नच मनात आणायचा नाही. बाबांच्या गुरूनं सांगितलं होतं की माणूस पाहून मंत्र म्हटला तर मंत्र जातो.

"दुश्मन असला तरी?" वैशालीताईनं विचारलं.

मग मी धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची गोष्ट सांगितली. आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे, त्यांच्याशी धुऱ्यावरून आमचं जुनं वैर. बोलणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद. एका संध्याकाळी त्यांच्या मुलाला विंचू चावला. बाबा जेवत होते. हात धुतला आणि गेले. तिथं कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. मंत्र म्हटला, पोराला बैलगाडीत घालून दवाखान्यात पोचवायला लावलं, परत आले आणि थंड झालेली भाकर खाल्ली.

"मग भांडण मिटलं?" तू विचारलंस.

"नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर पुन्हा शिव्या सुरू."

तू इतक्या मोठ्यानं हसलास की दुकानातला माणूस पाहायला आला. पण तू बाबांना हसला नाहीस. मला दोन्हींतला फरक कळत होता. हसणं संपल्यावर तू गंभीर झालास आणि मला तीन वेळा तेच विचारलंस, की म्हणजे माफ केलं नाई? मनातबी नाई? मी म्हटलं, मनातलं मला माहीत नाही, पण शिव्या खऱ्या होत्या.

पुढच्या रविवारी तू अल्लीपूरलाच येऊन बसलास. बाबांसमोर खाटेवर पेन घेऊन, एखाद्या परीक्षकासारखा.

"काका, पथ्य मोडलं तं मंत्र खरंच जाते का?"

"मले काय मालूम?" बाबा म्हणाले. "मोडलंच नाई कधी. तुम्ही मोडून पाहा अन् मले सांगा."

"बरं, बुऱ्या माणसाले बरं केलं अन् त्यानं उद्या दुसऱ्याचं वाटोळं केलं तं? पाप कोणाले?"

आई आतून म्हणाली, "त्यायले जेवू घाला आधी. पापाचं मंग पाहा." बाबांना काही उत्तर आलं नाही, आणि त्यांनी ते आल्यासारखं दाखवलंही नाही. तू चार भाकरी खाल्ल्यास. परतताना बसच्या पायरीवरून मला म्हणालास, "तुझा बाप लय भारी माणूस आहे गजू. पण तो भला आहे का नुसता नेमाचा आहे, हे मले नाई समजलं."

ते वाक्य मला लागलं. तू वाईट मनानं बोलला नव्हतास, तुला खरंच प्रश्न पडला होता. पण आपला बाप भला आहे की नाही, हे ज्याला आपण मानतो त्याच्या तोंडून ऐकावंसं वाटतं. त्या दिवसापासून किसनबुवाचा प्रत्येक मंत्र माझ्यासाठी बाबांचा झाला. डब्यात हात घालण्याआधी मी चिंचोके दोनदा हलवून घ्यायचो. तुला ते दिसत असेल.

आता त्या शेवटच्या रविवाराचं. माझी बी.एस्सी. संपली होती आणि एम.एस्सी.साठी अमरावतीला जायचं ठरलं होतं. तीन वर्षं आपली गोष्ट ज्याच्या मागे लागली होती, तो काळदत्त त्या दिवशी सापडला. गावं जाळणारा, सुनीलच्या माणसाचा भाऊ मारणारा. तू त्याला एका विहिरीपाशी, त्याच्या काळ्या कपड्यांत पडलेला दाखवलास. त्याच्याच पेटाऱ्यातला साप त्याला डसला होता. तू त्याच्या आवाजात म्हणालास, "बुवा, उतरवता का?"

"मरू दे," वैशालीताई म्हणाली.

"मरू देच," सुनील म्हणाला. "मंत्राले वळण नसते असं मी म्हटलं होतं, पण याले मरू दे."

तू माझ्याकडे पाहिलंस. "विचार करजो. पुस्तकाप्रमाणं हा पक्का बुरा. याच्यावर मंत्र लावला तं देव रुसते. पुन्हा कधी काही उतरवता येणार नाई."

मी म्हटलं, "किसनबुवा बसतो आणि विष उतरवतो."

"माफ केलं त्याले?"

"नाही."

"मंग काऊन?"

"त्यानं बोलावलं."

"म्हणजे मनात दया नाई, माया नाई, नुसतं पथ्य? गजू, हा भलेपणा नोहे. ही सवय झाली. देव काय सवयीले मंत्र देते?"

आणि मी, जो वर्गात उभं राहून हजेरीसुद्धा धड देत नव्हतो, तुझ्याशी भांडलो. मी म्हटलं, दया आलेल्या दिवशी कोणीही जाईल. पथ्य हे दया न आलेल्या दिवसासाठीच असतं. धुऱ्यावरच्या माणसाबद्दल बाबांना माया वाटावी अशी वाट पाहिली असती, तर ते पोरगं तिथंच तडफडलं असतं. मी उभा राहून बोलत होतो आणि मला ते समजलंही नव्हतं. मग मी डब्यात हात घालायला गेलो, तर तू झाकणावर हात ठेवलास.

"थांब. हे चिंचोक्यावर नाई ठरत."

"मग कशावर ठरतं?"

"मले विचार करू दे. निकाल पुढच्या रविवारी."

तो रविवार आलाच नाही. मी अमरावतीला गेलो, सुनील वनविभागाच्या नोकरीला लागला, वैशालीताईचं लग्न झालं आणि तुझ्या पायांवर सूज यायला लागली. सुट्टीत मी दुकानात आलो की तुला पहिलं तेच विचारायचो, "निकाल?" तू तराजूतून मान वर न करता म्हणायचास, "विचार चालू आहे." पुढे मोबाईल आले. तुला मेसेज केला, तरी उत्तर तेच. तो आपला नमस्कार-चमत्कारच होऊन बसला. पण दादा, तुला हे कधी सांगितलं नाही, की मी ते गंमत म्हणून विचारत नव्हतो. मला खरंच उत्तर हवं होतं.

मधे एकदा मी तुझ्याकडे वेगळाच प्रश्न घेऊन आलो होतो. बाबांची इच्छा होती की ग्रहणात नदीत उभं राहून मी त्यांचा मंत्र घ्यावा. मी विज्ञान शिकलेला. विष मंत्रानं उतरत नाही, हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर बाबांनाही माहीत असावं, नाहीतर त्यांनी प्रत्येकाला दवाखान्यात का पाठवलं असतं? नाही म्हणावं तर बाप दुखावतो. हो म्हणावं तर मी स्वतःशीच खोटा. तू पोत्याला टेकून ऐकत होतास. तेव्हा तुझा चेहरा सुजलेला होता आणि दुकानातलं पाणीही तू मोजून प्यायचास. म्हणालास, "मंत्र नाई घेतला तं पथ्य घेता येत नाई, असं कुठं लिहिलं आहे? पुस्तकात तं नाई."

मी बाबांना तसंच सांगितलं. ते रागावले नाहीत. तेव्हापासून बोलावणं आलं की मी मोटरसायकल काढतो. मी पुढे, विंचू चावलेला माणूस मधे, आणि बाबा मागे बसून हिंगणघाटचा दवाखाना येईपर्यंत मंत्र म्हणत असतात. तिथला चहा आम्ही दोघंही घेत नाही. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू हसता हसता खोकायला लागलास. "तिघांयचा तोल कसा सांभाळतं बे?" म्हणालास.

तुझे उपकार मोजत बसायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक सांगतोच. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. तेव्हा तुझा आवाज ऐकू आला, गोदामातला. "मंग? किसनबुवा काय करते?" घाई न करता, उत्तर माझ्याकडे आहेच अशा खात्रीनं तू विचारायचास, तसा. मी बोलायला लागलो. इंग्रजी मोडकं होतं, पण बोललो. आता बी.एड. करतो आहे. वर्गात एखादं पोरगं उभं राहून गप्प झालं की मीही तसंच विचारतो आणि वाट पाहतो. तुझ्यासारखी वाट पाहणं मला अजून जमत नाही. दोन मिनिटांत मीच उत्तर सांगून टाकतो.

तू गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पाठ घेत होतो, मोबाईल बंद होता. बाहेर आलो तर वैशालीताईचे मिस कॉल. परत लावला तर म्हणाली, "झालं रे गजू सगळं. आता धावत येऊ नको. तेरवीले येजो." मी शाळेच्या नळापाशी उभा होतो. मनात आलेली पहिली गोष्ट सांगायची लाज वाटते. मला रडू आलं नाही. मनात आलं, निकाल राहिला.

तेरवीला सुनील आला होता, वनविभागाच्या खाकी कपड्यांतच. मी बाबांना घेऊन आलो. पंगतीत बसायची वेळ झाली तशी बाबांची चुळबुळ सुरू झाली. तू कधी त्यांच्याकडून विंचू उतरवून घेतला नव्हतास, त्यामुळे तुमच्या घरी जेवायला पथ्याची आडकाठी नव्हती. पण मी तुझ्याकडून इतकं घेतलं होतं, की आपण इथं पाहुणे की देणेकरी, हेच त्यांना समजेना. तुझ्या आईनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "नरेश तुमच्या घरच्या चार भाकरी सांगत होता हो." बाबा जेवले. पोळी मोडताना त्यांनी एकदा डोळे पुसले.

हात धुतल्यावर वैशालीताईनं अंगणातून हाक मारली, "गजू, अल्लीपूरची शेवटची बस गेली तं कसं करशीन?" मी म्हटलं, गाडी आहे. तेवढ्यात खुर्चीवर बसलेली एक बाई वळली. पन्नाशीची, हिरवी साडी, पायाशी डब्याची पिशवी.

"तुम्ही अल्लीपूरचे?"

"हो."

"म्हणजे अल्लीपूर खरंच आहे?"

मला काही कळेना. ती स्वतःच हसली, मग कुठं आलो आहोत ते आठवून गप्प झाली. म्हणाली, तिचे मिस्टर आणि तू एकाच दिवशी डायलिसिसला असायचात, बाजूबाजूच्या पलंगावर. आताही ते मशीनवरच आहेत, म्हणून तिला लवकर परत जायचं होतं. "चार-चार तास कसे काढावं माणसानं? तं नरेशभाऊनं खेळ लावून देला. आमचे मिस्टर रिटायर मास्तर, खेळात चोर झाले. मले म्हणे तुम्हीबी या वहिनी, नुसतं बसून काय करता. तिकडची नर्सबी खेळे. त्या खेळात एक गाव आहे, अल्लीपूर. आम्हाले वाटलं भाऊनं मनानं बनवलं. तिथं एक म्हातारा राह्यते, किसनबुवा."

बाबा माझ्या मागेच उभे होते.

"कोणाले काही झालं की आम्ही त्याच्याकडं जावो," ती सांगत होती. "मिस्टरांना साप डसला तं तिथंच नेलं. चोर आहे, काय आहे, विचारलंच नाई त्यानं. मी म्हटलं चहा ठेवू का बुवा, तं नाई म्हणे, पथ्य आहे. अन् त्याच्या ओट्यावर काळ्या कपड्यातला एक माणूस बसून राह्यते. दोघं एकमेकांसंग बोलत नाई. तो विहिरीचं पाणी भरून देते, बस. मी विचारलं कोण हा, तं भाऊ म्हणे, जुनं भांडण आहे त्यायचं, अजून मिटलं नाई."

मी विचारलं. "त्या बुवाचे मंत्र चालतात?"

"चालते म्हणजे?" ती म्हणाली. "आमच्या प्रत्येकासाठी भाऊ डब्यातून चिंचोका काढायला लावे. लहान आकडा आला की गेलं काम. किसनबुवाच्या वेळेस डबा उघडतच नव्हते. मी एकदा म्हटलं, भाऊ, बुवाचा काऊन नाई काढत? तं म्हणे, तिथं लागत नाई, वहिनी."